बुवांची माळ आणि पट्टकृमीचं अंडं

या लेखातले बुवा कल्पित आहेत, त्यांचे आक्षेप मात्र खरे आहेत. भातसानगरच्या धरणाच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही गावात असे गृहस्थ सापडतात. गळ्यात तुळशीची माळ, पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात भेंडी-काकडी, एकादशीला भजन. आरोग्यावर कुणी बोलायला लागलं की ते शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न असा विचारतात की वक्त्याची पंचाईत होते. पट्टकृमीबद्दल लिहायचं तर असा माणूस समोर असलेला बरा. या कृमीविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज अडाणीपणातून आलेला नाही. तो तर्कातूनच आला आहे, फक्त तर्काची एक पायरी मध्येच सुटली आहे.

बुवा म्हणतात, "भाऊ, तुम्ही सांगता तो जंत डुकराच्या मटणातून येतो, हे पोरांच्या पुस्तकातही आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. मटण सोडा, आम्ही अंडंसुद्धा शिवत नाही. जो खाईल त्याच्या पोटात होईल. आम्हाला कशाला त्याची भीती घालता?"

बुवा, पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. या कृमीचं शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. तो चपट्या कृमींच्या संघातला. माणसाच्या लहान आतड्यात तो रिबिनीसारखा पडून असतो, लांबी साधारण दोन ते चार मीटर, कधी त्याहून जास्त. डोकं टाचणीच्या माथ्याएवढं, त्यावर चार चूषक आणि वरच्या टोकाला आकड्यांची दुहेरी माळ. (माळ तिथेही आहे, पण ती आतड्याच्या भिंतीला घट्ट धरून ठेवण्यासाठी.) याला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. जो दुसऱ्याच्या आतड्यातच राहतो त्याला स्वतःचं आतडं कशाला? आपण पचवलेलं अन्न तो सगळ्या अंगानं शोषून घेतो. मानेच्या मागे नवी नवी पेरं फुटत राहतात, उसासारखी, फरक एवढाच की इथे सर्वांत जुनं पेर शेपटाकडे असतं. प्रत्येक पेरात नर आणि मादी दोघांचेही अवयव असतात. अशी आठशे-हजार पेरं एका कृमीला असतात. शेवटची पेरं पिकली की त्यांत अंड्यांखेरीज काहीच उरत नाही. एका पिकल्या पेरात ५०,००० पर्यंत अंडी भरलेली असतात, आणि अशी पेरं सुटून माणसाच्या विष्ठेबरोबर बाहेर पडतात. अंड्याचा व्यास मिलिमीटरच्या तिसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आत सहा आकड्यांचा गर्भ असतो आणि भोवती जाड कवच, त्यामुळे ओल्या सावलीच्या मातीत अंडं आठवडेच्या आठवडे तग धरतं.

आता इथून दोन वाटा फुटतात, आणि आपली सगळी चर्चा या फाट्यावर उभी आहे. ही विष्ठा मोकाट डुकरानं खाल्ली, तर अंडं त्याच्या आतड्यात फुटतं, गर्भ भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायूंत जाऊन बसतो. तिथे दोन-तीन महिन्यांत भिजलेल्या साबुदाण्यासारखी गाठ तयार होते. पातळ पडद्याची पिशवी, आत पाणी आणि एक उलटं वळलेलं इवलंसं डोकं. हे मांस माणसानं कच्चट खाल्लं की ते डोकं बाहेर पडून आतड्याला चिकटतं आणि नवा पट्टकृमी वाढू लागतो. पुस्तकात आहे ते एवढंच. दुसरी वाट पुस्तकाच्या समासात राहते. तेच अंडं डुकराऐवजी माणसाच्या पोटात गेलं, तर माणसाच्या शरीरात तेच घडतं जे डुकराच्या शरीरात घडतं. गर्भ रक्तातून स्नायूंत, कातडीखाली, डोळ्यांत आणि मेंदूत जातो आणि साबुदाण्याची गाठ तिथे बांधतो. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या पोटात कृमी वाढतो आणि त्याला बहुधा कळतही नाही. थोडं पोट दुखणं, विष्ठेत भोपळ्याच्या बीसारखे पांढरे तुकडे, बस. मेंदूत गाठ मात्र त्याला होते ज्यानं अंडं गिळलं, आणि अंडं गिळायला मांस खावं लागत नाही. हात न धुता वाढलेलं जेवण, न धुतलेली कोथिंबीर, उघड्या पाण्याचा एक पेला, एवढं पुरतं. तुम्ही अंडं शिवत नाही म्हणता, बुवा. हे अंडं न शिवता जातं.

या साखळीचा पहिला दुवा शोधायला एकेकाळी फार वाईट मार्ग वापरला गेला. १८५५ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश क्युखनमायस्टर या डॉक्टरानं मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला, त्याला न सांगता, डुकराच्या गाठी अन्नातून खाऊ घातल्या आणि शिक्षा अमलात आल्यावर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी सापडले. गाठ आणि कृमी हे दोन वेगळे प्राणी नसून एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत, हे त्यातून पक्कं झालं. प्रयोगाची त्या काळीही निंदा झाली, आणि ती रास्त होती. पण ज्ञानाची गंमत अशी की या प्रयोगानं लोकांच्या मनात मांसाची वाट कायमची कोरली गेली, आणि अंड्याची वाट, जी जास्त घातक, ती मागे पडली.

बुवा इथे थोडे सावरून बसतात. "बरं, मान्य. पण अंडं आलं कुठून? ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या हातूनच ना? म्हणजे फिरून दोष खाणाऱ्याचाच. आमच्या वाडवडिलांनी उगाच शिवाशिव सांगितली होती का? अशा लोकांना लांब ठेवलं की झालं."

हा आक्षेप सगळ्यात टिकाऊ आहे, कारण तो अर्धा विज्ञानावर उभा आहे आणि अर्धा जातीवर. विज्ञानाचा भाग आधी घेऊ. या कृमीची पूर्ण वाढ निसर्गात फक्त माणसाच्या आतड्यात होते. तेव्हा अंड्याचा उगम माणूसच, यात वाद नाही. डुक्कर अंडी घालत नाही, ते आपली घाण खाऊन आपल्यामुळे आजारी पडतं. हे नीट मनावर घेतलं तर डुकराबद्दलची किळस उलटी आपल्याकडेच वळायला हवी. पण ज्याच्या पोटात कृमी आहे तो माणूस कोण, हे बाहेरून ओळखता येत नाही, त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. तो तुमच्या वाडीतला असेल, हॉटेलात भजी तळणारा असेल, यात्रेत उसाचा रस काढणारा असेल, लग्नात वाढपी असेल. मटण तो कधीतरी चार वर्षांपूर्वी, कुठल्यातरी शहराच्या टपरीवर खाऊन विसरलेला असेल. मग लांब ठेवायचं कुणाला? शिवाशिवीचा नियम आडनाव बघून चालतो. अंडं आडनाव बघत नाही. आणि ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं त्यांच्याच वस्त्यांना पाणी आणि संडास सगळ्यांत शेवटी मिळाले. म्हणजे लांब ठेवण्यानं रोग अडला नाही, उलट त्याला राहायला जागा मिळाली.

लांब ठेवून भागत नाही याचा पुरावा अशा समाजातून मिळतो ज्यात डुक्कर खाणं धर्मानंच वर्ज्य आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार रुग्णांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. चौघांना झटके येत होते आणि मेंदूत याच कृमीच्या गाठी होत्या. त्यांच्या घरात डुकराचं मांस येणं शक्यच नव्हतं. शोध घेता घेता तो घरी स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला असलेल्या, हा रोग जिथे सर्रास आहे अशा देशांतून आलेल्या कामगारांपर्यंत पोचला, आणि त्यांच्यातल्या एकीच्या तपासणीत पट्टकृमी आढळला. तिला आरोपी म्हणणं सोपं आहे. पण तीही रुग्णच होती, आणि तिचा रोग एका मात्रेत बरा होण्यासारखा होता. आपल्याकडेही, विशेषतः उत्तर भारतात, मेंदूतल्या गाठींचे जे रुग्ण नोंदवले गेले त्यांत शाकाहारी घरांतले कितीतरी आहेत. माळ हा आहाराचा नियम आहे आणि तो आतड्यातल्या कृमीपासून खरोखर वाचवतो. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. मेंदूतल्या गाठीपासून वाचवणं हे तिचं काम नव्हतंच.

या कृमीच्या नात्यातले आणखी दोन कृमी इथे सांगून टाकतो, कारण तेही माळेला जुमानत नाहीत. लहान मुलांत आढळणारा बुटका पट्टकृमी अवघा काही सेंटिमीटरचा असतो आणि त्याला मधल्या प्राण्याची गरजच लागत नाही. एका मुलाच्या हातून दुसऱ्याच्या तोंडात अंडी थेट जातात. जगभर माणसांत सर्वांत जास्त आढळणारा पट्टकृमी हाच. दुसरा कुत्र्याच्या आतड्यातला, पाच-सहा मिलिमीटरचा, तीन-चार पेरांचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मेंढी-बकऱ्यांच्या आणि माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्यानं भरलेली गाठ वाढत जाते, कधी नारळाएवढी. मटणाच्या दुकानामागे फेकलेलं काळीज-फोपसं कुत्र्यांनी खाल्लं की या कृमीचं चक्र पूर्ण होतं. आता हे मटण विकत घेणारा एक, कुत्र्याला भाकरी घालणारा दुसरा, आणि गाठ होणारा तिसरा. यात पाप कुणाच्या खाती मांडायचं, बुवा?

"भाऊ, एवढं सगळं आहे तर आमच्याकडे कधी ऐकलं कसं नाही? ताप ऐकला, कावीळ ऐकली, विंचू-साप तर रोजचा. डोक्यात जंत झालेला माणूस काही पाहिला नाही."

पाहिला असणार, फक्त नाव दुसरं होतं. आकडी, फेफरं, मिरगी, फिट, अंगात येणं, बाहेरची बाधा. मेंदूतली गाठ जिवंत असते तोवर बहुतेक गप्प असते. शरीराच्या संरक्षणयंत्रणेला चकवण्याची कला या कृमीनं साधली आहे आणि ती वर्षानुवर्षं टिकते. गाठ मरायला लागते तेव्हा ती कला संपते, शरीराला शत्रू दिसतो, भोवती सूज येते आणि माणसाला झटका येतो. म्हणजे अंडं गिळल्याचा दिवस आणि पहिली फिट यांच्यात काही महिने ते काही वर्षं जातात. इंग्रजांच्या फौजेतून भारतात राहून गेलेल्या सैनिकांवरून हे फार स्पष्ट कळलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मायदेशी परतलेल्या या सैनिकांना फिट यायला लागल्या. काहींना आधी वेड किंवा ढोंग समजलं गेलं, आणि मग स्नायूंत व मेंदूत गाठी सापडल्या. डिक्सन आणि लिप्सकोम या दोघांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यातले बहुसंख्य भारतात राहिलेले होते. काहींच्या बाबतीत पहिला झटका भारत सोडल्यावर कितीतरी वर्षांनी आला. इतका काळ लोटल्यावर कुठल्या पेल्यातून आणि कुठल्या कोथिंबिरीतून ते अंडं गेलं, हे कोण सांगणार? गावातला माणूस तर फिट कुठून आली हे भगताला विचारतो, आणि भगताकडे उत्तर तयार असतं.

डॉक्टरांनाही हे फार काळ दिसलं नव्हतं. १९८० च्या दशकात आपल्या देशात सीटी स्कॅन येऊ लागला तेव्हा फिट येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी, कडेनं चमकणारी गाठ दिसू लागली. देश क्षयाचा, म्हणून गाठही क्षयाची, असं धरून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली गेली. गाठी नाहीशा होत, मग निदान बरोबर होतं असं वाटे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा बऱ्याचशा गाठी या कृमीच्या निघाल्या. हे १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या गाठी औषधाविनाही बऱ्याचदा आपोआप विरतात, म्हणून क्षयाच्या गोळ्यांना श्रेय गेलं होतं. पुढे वेल्लोर जिल्ह्यातच पाहणी झाली, तेव्हा फिटच्या चालू आजाराच्या रुग्णांत साधारण एक तृतीयांश लोकांचं कारण हा कृमी ठरला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे माणसं आणि मोकाट डुकरं शेजारी राहतात अशा प्रदेशांत फिटच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हाच असतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नसतो. तिथे फिटची गोळी मिळते, फिटचं कारण मिळत नाही. तेव्हा ऐकलं नाही म्हणून नाहीच, हे कसं मानायचं?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फेफरं ही लग्नाच्या आड येणारी अट म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं ती काढली. कायद्यातून गेली, सोयरिकीच्या बैठकीतून गेलेली नाही. मुलीला फिट येते हे लपवायचं, गोळ्या चोरून द्यायच्या, सासरी गेल्यावर बंद करायच्या. आणि त्या मुलीच्या डोक्यात कदाचित एक साबुदाण्याएवढी मरू घातलेली गाठ, जी दोन वर्षांत विरूनही गेली असती.

बुवांना गोळीची आठवण येते. "शाळेत जंताची गोळी देतात ना फेब्रुवारीत, अंगणवाडीतली बाई पण देते. आमची म्हातारी वावडिंग द्यायची पोरांना. चरकाच्या काळापासून आपल्याकडे कृमींवर औषधं आहेत. मग अडलं कुठं?"

गोळी चांगली आहे आणि ती घ्यावीच. २०१५ पासून दर १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन होतो आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोल दिलं जातं. पण ते मातीतून येणाऱ्या गोल जंतांसाठी आहे, चपट्या पट्टकृमीवर त्याची एकेरी मात्रा भरवशाची नाही. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड लागतं, आणि मोठ्या माणसांना तर कुणी शाळेत रांगेत उभं करत नाही. शिवाय इथे एक खाच आहे. ज्याच्या मेंदूत न कळलेल्या गाठी आहेत त्याला प्राझिक्वांटेल दिलं तर गाठी एकदम मरू लागून झटका येऊ शकतो. मेंदूच्या गाठींवर औषध देतात ते सूज आवरणाऱ्या औषधाबरोबर, डॉक्टरच्या नजरेखाली. मेडिकलमधून स्वतः आणायची ही गोष्ट नाही. चरकानं कृमींचे वीस प्रकार सांगितले आणि वावडिंग आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून मान्य आहे, हे खरं. पण पोटातलं औषध, वावडिंग असो की अल्बेंडॅझोल, त्या माणसाचं पोट साफ करतं. उकिरड्यावरच्या अंड्याला ते माहीतच नाही. उन्हाळ्यात दिलेलं औषध पावसाळ्यातल्या चिखलातून पुन्हा पोटात येणार असेल, तर आपण दरवर्षी त्याच पायरीवर उभे आहोत.

"आमच्या आज्या-पणज्यांना सगळ्यांना जंत होते, तरी ऐंशी वर्षं जगले" हेही बुवा म्हणतात, पण जरा अवघडूनच, कारण जे ऐंशीपर्यंत जगले नाहीत त्यांचे फोटो भिंतीवर नसतात हे त्यांना माहीत आहे. जंतांमुळे शरीराची ॲलर्जी सौम्य होते असा विचार विज्ञानातही गंभीरपणे मांडला जातो. खरा असला तरी त्यासाठी कुणी मेंदूत गाठ मागून घेणार नाही.

आता बुवा जे बोलतात ते मला पूर्ण लेखात सगळ्यात अवघड गेलेलं आहे. "भाऊ, शेवटी तुमचं सगळं येऊन थांबतं हात धुण्यावर आणि संडासावर. ठीक. गाडगेबाबांनी खराटा घेतला तेव्हापासून आम्ही ऐकतोय. संडास बांधले, पाटी लागली, गाव हागणदारीमुक्त झालं. पण पाणी कुठाय? धरण आमच्या उशाला, तानसा आमच्यात, भातसा आमच्यात, आणि एप्रिल लागला की पाड्यावरची बाई डवऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढते. एक हंडा डोक्यावर आणायला अर्धा दिवस. त्या हंड्यातलं पाणी ती प्यायला ठेवील, का संडासात ओतील, का साबणानं हात धुवील? तुमचा कृमी आम्ही पोसला नाही. तो पोसला ज्यानं पाणी नेलं त्यानं."

यात अतिशयोक्ती शोधून काढण्यात अर्थ नाही. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा भातसाचा. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिसे इथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि शहरात जातं. तानसा तर १८९२ पासून मुंबईची. त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर. २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण पाण्याविना संडास म्हणजे भिंती असलेली कोठी, आणि तिथे पेंढा, सरपण ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. त्यात भर स्थलांतराची. भातकापणी आटोपली की पाड्यावरची कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्याच्या तोंडावर परततात. संडास पाड्यावर कुलूपबंद आणि माणसं सहा महिने उघड्यावर, वस्तीशेजारच्या मोकाट डुकरांच्या सोबतीनं. कृमीला याहून सोयीचं काय हवं? तेव्हा, बुवा, तुमचा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. तो ते पुरं करतो. मी सुरुवातीपासून एवढंच म्हणत होतो की हा रोग कुणी काय खाल्लं यावरून ठरत नाही, मैला कुठे गेला यावरून ठरतो. मैला कुठे जाणार हे पाण्यावरून ठरतं, आणि पाणी कुठे जाणार हे तुम्ही-आम्ही ठरवलेलं नाही.

तरी तुमच्या बोलण्यातल्या एका गोष्टीला मी हरकत घेतो. पाणी आल्याशिवाय काही करता येत नाही, असा त्यातून सूर निघतो. नारू आठवतो? पायातून हातभर दोरा काढताना माणसं महिनाभर खाटेवर पडायची. महाराष्ट्रातही तो होता. त्याला ना औषध होतं, ना लस. लोकांनी पाणी कापडानं गाळलं, उतरत्या पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, रोगी शोधून त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला. पट्टकृमीच्या बाबतीत तर आपल्या हातात जास्त आहे. १९९३ मध्येच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं जगातून घालवता येण्याजोग्या मोजक्या रोगांत याचं नाव घातलं होतं. पेरू देशाच्या उत्तरेला तुंबेस भागात माणसांना औषध, डुकरांना औषध आणि डुकरांना लस, असं एकत्र करून पाहिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात १०७ पैकी १०५ गावांत रोगाचा प्रसार थांबलेला होता. ती डुकराची लस ऑस्ट्रेलियात शोधली गेली आणि तिचं व्यापारी उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं केलं. म्हणजे आपल्याच देशात बनते.

"डुकराला लस!" बुवा हसतात. "आमच्या म्हशाच्या यात्रेत बैल घेताना दात बघतात, चाल बघतात, शेपूट पिळून बघतात. डुकराचं काय बघणार?"

जीभ बघतात, बुवा. जीभ बाहेर ओढून तिच्या खालच्या बाजूला गाठी चाचपतात, ही युक्ती प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती. पण तुम्ही हसलात त्यात एक खरी अडचण आहे. डुक्कर पाळणारा माणूस आपल्या कुठल्याच योजनेत धड बसत नाही. गाईम्हशीला डॉक्टर येतो, शेळीला येतो, डुकराचं नाव निघालं की कागद बाजूला सरकतो. डुकरं गोठ्यात बांधून ठेवा, असं सांगायचं तर खाद्य विकत आणावं लागतं, आणि ज्याच्याकडे जमीन नाही तो डुक्कर पाळतोच अशासाठी की ते स्वतःचं पोट स्वतः भरतं. त्याच्याकडून वेगळं काही हवं असेल तर त्याला लांब ठेवून ते मिळणार नाही. त्याच्या दारी लस, खाद्य आणि पशुवैद्य घेऊन जावं लागेल, तेही दर वेळी नवी डुकरं जन्मली की.

बुवा बराच वेळ माळेचे मणी फिरवत बसतात. "भट्टीवाला उचल देताना माणसं मोजतो," ते म्हणतात. "नवरा, बायको, मोठा पोर, किती हात लागतील विटेला. तिथे संडास किती आणि पाण्याच्या टाक्या किती, हे पण त्याच कागदावर लिहून घेतलं तर? उचलीचा व्यवहार आमच्याच गावात होतो. आम्ही बघत असतो."

"लिहून कोण घेणार, बुवा?"

"तेच विचारतोय," बुवा म्हणतात. "आणि टाकीत पाणी कुठल्या धरणाचं?"